बॅटरी बसली: पुन्हा ट्यूब्युलर की तिप्पट किमतीची लिथियम?

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरात १२ व्होल्टचा इन्व्हर्टर, त्याला १५० एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीची क्षमता) ट्यूब्युलर, म्हणजे शिसं-आम्लाची बॅटरी. साडेतीन वर्षं चालली, आता अर्ध्या तासातच इन्व्हर्टर शिट्टी मारायला लागतो. वीज रोज दोन-तीन तास जाते. लोड म्हणजे चार पंखे, सहा एलईडी दिवे आणि राउटर. विक्रेता म्हणतो, लिथियम घ्या. किंमत तिप्पट, पण दहा वर्षं बघायला नको. घ्यावी का?

‘दहा वर्षं’ ऐकलं की बहुतेकांचा हिशेब तिथेच थांबतो. तिप्पट किंमत, जवळपास तिप्पट आयुष्य, म्हणजे बरोबरी झाली आणि वर पाणी घालायची कटकट गेली. हा हिशेब अगदीच चुकीचा नाही, पण त्यात तीन गोष्टी गळल्या आहेत: जुन्या बॅटरीचं भंगार, चार्जिंगमध्ये वाया जाणारी वीज आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वीज आल्यावर ती सलग किती तास टिकते. वीज किती वेळ जाते हे प्रत्येक जण सांगतो. किती वेळ टिकते हे कोणीच सांगत नाही, आणि उत्तर बरंचसं त्यावरच अवलंबून आहे.

त्याआधी एक पायरी. ही बॅटरी वयाने मेली की इन्व्हर्टरमधल्या चार्जरने मारली, हे बघितल्याशिवाय कुठलीच नवी बॅटरी घेऊ नका. चार्जरचा दोष असेल तर नवीही त्याच वाटेने जाईल.

इन्व्हर्टर बंद करा, त्याची मेन्सची पिन काढा. हातमोजे आणि चष्मा घाला, अंगठी-घड्याळ उतरवा, पान्याच्या दांड्याला इन्सुलेशन टेप गुंडाळा. आधी निगेटिव्ह सोडा, मग पॉझिटिव्ह. टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर असेल तर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन कोरडं करा (झाकणं बंद ठेवून, सोड्याचा थेंबही आत जाता कामा नये). पाण्याची पातळी बघा. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर त्या बुडतील इतकंच डिस्टिल्ड वॉटर आत्ता घाला, बाकीचं चार्जिंग झाल्यावर. आधीच काठोकाठ भरलं तर चार्ज होताना पातळी वाढून आम्ल बाहेर येतं. नळाचं पाणी नको, त्यातला लोह आणि क्लोराइड प्लेटांना भोवतो. आम्ल तर कधीच घालू नका. उडून जातं ते फक्त पाणी.

आता पुन्हा जोडून २४ तास चार्जिंगला ठेवा. चार-पाच तासांनी टर्मिनलवर मल्टिमीटर लावा. चार्जिंग जोरात चालू असताना १४.२ ते १४.५ व्होल्टपर्यंत चढायला हवं आणि बॅटरी भरल्यावर १३.५ ते १३.८ वर स्थिरावायला हवं. २४ तासांत ते १३.५ च्या वर गेलंच नाही, तर चार्जर अर्धपोटी ठेवतोय. उलट सतत १४.५ च्या वर राहत असेल तर तो पाणी उकळवतोय आणि प्लेटांची जाळी खातोय. दोन्हींत दोषी बहुधा इन्व्हर्टर आहे.

चार्ज झाल्यावर तारा सोडून चार-पाच तास विश्रांती द्या आणि मग सहाही सेलची ग्रॅव्हिटी (आतलं आम्ल पाण्याच्या तुलनेत किती जड, तो आकडा) हायड्रोमीटरने बघा. पूर्ण चार्जला किती हवी ते बॅटरीवर किंवा तिच्या कार्डावर छापलेलं असतं. ट्यूब्युलरला साधारण १२४० च्या आसपास. पाच सेल १२३०-१२४० आणि एक ११८०, असं दिसलं तर तो सेल गेला आणि त्याच्यासोबत बॅटरी. दोन सेलमधला फरक ३० पॉइंटच्या पुढे गेला की काळजीचं कारण आहेच. पण सहाही सेल सारखेच खाली, ११८०-११९० ला अडकलेले असतील तर प्लेटांवर सल्फेट बसलंय, आणि अशी बॅटरी इक्वलायझिंग चार्जने काही वेळा बरीच परत येते. म्हणजे १५ ते १५.५ व्होल्टला, थोड्या करंटने, काही तास, मोकळ्या हवेत, पाण्यावर नजर ठेवून. पाणी घातल्यावर लगेच ग्रॅव्हिटी मोजू नका. पाणी वर तरंगतं आणि आकडा फसवतो.

धरून चालू की बॅटरी खरंच गेली आहे.

बॅटरीवर १५० एएच लिहिलेलं असतं आणि बारीक अक्षरात ‘सी-२०’. याचा अर्थ ७.५ अँपिअरने काढली तर २० तास पुरेल. तुम्ही ती ७.५ अँपिअरने काढत नाही. एका वेळी तीन पंखे, चार दिवे आणि राउटर धरला तर ७५ वॅटचे तीन पंखे म्हणजे २२५, ९ वॅटचे चार दिवे ३६ आणि राउटर १०, एकूण सुमारे २७० वॅट. इन्व्हर्टरची कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर बॅटरीतून ३१८ वॅट निघतात, म्हणजे १२ व्होल्टला २६-२७ अँपिअर. शिशाच्या बॅटरीचा स्वभाव असा की जितक्या घाईने काढाल तितकी ती कमी देते. २६.५ अँपिअरला हीच बॅटरी नवी असताना साधारण ११५-१२० एएच देते, म्हणजे साडेचार तासांच्या जरा आत. १२ गुणिले १५० भागिले २७० असा भागाकार करून ‘पावणेसात तास’ काढणारे निराश होतात ते याच कारणाने. बॅटरीत खोट नसते, भागाकारात असते.

लिथियममध्ये हा प्रकार जवळजवळ नाही. इथे लिथियम म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट, एलएफपी. चार सेल ओळीत, प्रत्येकी ३.२ व्होल्ट, म्हणून तिच्यावर १२.८ व्होल्ट लिहिलेलं असतं. हा आकडा बघूनच घ्या, कारण १२ व्होल्टच्या इन्व्हर्टरच्या व्होल्टेजशी तोच नीट जुळतो. १०० एएचची एलएफपी म्हणजे १.२८ युनिट, त्यातलं ९० टक्के बिनधास्त वापरता येतं: १.१५ युनिट. तुमच्या लोडला साडेतीन तासांच्या थोडं वर. म्हणून १५० एएच शिशाच्या जागी १०० एएच लिथियम ही तुलना रास्त आहे. विक्रेता १५० ला १५० दाखवून किंमत सांगत असेल तर तुम्ही गरजेपेक्षा दीडपट विकत घेताय.

आता पैसे. रुपये-पैसे बाजूला ठेवून शिशाच्या बॅटरीची किंमत १०० भाग धरू. लिथियम ३०० भाग. शिशाच्या बॅटरीच्या वजनाचा अर्ध्याहून जास्त भाग शिसंच असतं आणि शिशाला भंगारात पक्कं गिऱ्हाईक आहे, म्हणून ती परत देताना काही किंमत हातात येते. २० भाग धरू, तुमच्याकडचा खरा आकडा विचारून घाला. एलएफपीच्या भंगारात मोल असलेला धातू फारसा नसतो, तिथे शून्य धरा.

रोज तीन तास, २७० वॅट. बॅटरीतून रोज ०.९५ युनिट निघतं. ते परत भरायला शिशाच्या बॅटरीला मेन्समधून सुमारे १.२७ युनिट लागतं, कारण ऊर्जेच्या हिशेबात ती ७०-८५ टक्केच परत देते आणि मी ७५ धरलंय. लिथियमला १ युनिट पुरतं. फरक रोज ०.२७, वर्षाला साधारण १०० युनिट. याची किंमत भागांत हवी असेल तर एका शिशाच्या बॅटरीच्या पैशात विजेची किती युनिटं येतात ते बिलावरच्या दराने काढा. समजा २००० आली, तर १०० युनिट म्हणजे वर्षाला ५ भाग. डिस्टिल्ड वॉटरचा १ भाग.

तुमची बॅटरी साडेतीन वर्षं टिकली. १०० वजा २० म्हणजे ८०, भागिले ३.५ म्हणजे वर्षाला २३. त्यात ५ आणि १ मिळवा: वर्षाला २९ भाग.

लिथियमची दहा वर्षं खरी धरली तर ३०० भागिले १०, वर्षाला ३० भाग. म्हणजे विक्रेत्याचा शब्दन् शब्द मान्य केला तरी जेमतेम बरोबरी, आणि तीही सगळे पैसे पहिल्याच दिवशी मोजून. रोज ७५ टक्के काढायची, दहा वर्षं, म्हणजे ३६५० सायकल (एकदा उतरणं आणि भरणं म्हणजे एक सायकल). चांगल्या सेलना हे अशक्य नाही. पण बॅटरी म्हणजे नुसते सेल नव्हेत, त्यात सेलवर पहारा ठेवणारं बीएमएस नावाचं इलेक्ट्रॉनिक सर्किटही असतं आणि पॅक अनेकदा सेलच्या आधी त्या सर्किटामुळे बंद पडतो. मी हिशेबात आठ वर्षं धरतो. मग ३०० भागिले ८, वर्षाला साडेसदतीस. २९ च्या तुलनेत हा सौदा महागच.

हाच हिशेब उलटा फिरवला की उपयोगी आकडे हाती येतात. तिप्पट किमतीला लिथियम तेव्हाच परवडते, जेव्हा शिशाची बॅटरी तुमच्याकडे अडीच वर्षांच्या आत बसते. आणि तुमच्यासारखी साडेतीन वर्षं टिकत असेल, तर लिथियमची किंमत शिशाच्या २.३ पटीवर यायला हवी. दुप्पट भावात मिळाली तर वर्षाला २५ भाग, मग मी फार विचार करणार नाही.

हे झालं रोज तीन तासांचं. आठवड्यातून एखाद्या वेळी वीज जात असेल तर लिथियमचा विचारही नको. तिथे दोन्ही बॅटऱ्या वापराने झिजत नाहीत, नुसत्या बसून म्हाताऱ्या होतात. शिशाची पाच वर्षं गेली तर वर्षाला १६ भाग. लिथियम बारा वर्षं जगली असं उदार होऊन धरलं तरी २५. हजारो सायकलचे पैसे द्यायचे आणि वापरायच्या काहीशे. त्यात एलएफपीला गरम जागी सतत शंभर टक्के भरून ठेवणं मानवत नाही, आणि कधीतरीच वीज जाणाऱ्या घरात ती नेमकी तशीच राहते.

आता तो राहिलेला मुद्दा, वीज टिकते किती.

तीन तासांत शिशाच्या बॅटरीतून ८० एएच निघाले. परत भरताना सुमारे १५ टक्के जास्त घालावे लागतात, म्हणजे ९२. इन्व्हर्टरचा चार्जर १५ अँपिअर देतो असं धरलं तर सरळ भागाकार सहा तासांचा आहे, पण बॅटरी तसं करू देत नाही. ८०-८५ टक्क्यांपर्यंत ती पूर्ण करंट घेते. त्यानंतर व्होल्टेज १४.४ ला टेकतं आणि करंट आपोआप घसरत जातो: १५ वरून ८, ८ वरून ४, मग २. शेवटचे पंधरा-वीस टक्के भरायला जवळपास तेवढाच वेळ लागतो जेवढा आधीच्या सगळ्याला लागला. एकूण दहा तास, कधी बारा. मेन्सचं व्होल्टेज कमी असलं की ट्रान्सफॉर्मरवाले बरेच चार्जर १५ च्या जागी ८-१० अँपिअरच देतात, मग आणखी जास्त.

चोवीस तासांत एकदा तरी सलग दहा-बारा तास वीज मिळत असेल, उदाहरणार्थ रात्रभर, तर शिशाची बॅटरी रोज पूर्ण भरते आणि तीन-चार वर्षं सुखाने चालते. दिवसात दोन-तीनदा गेली तरी चालतं, रात्र सलग मिळाली म्हणजे झालं. पण तीन तास आली, दोन तास गेली, पुन्हा चार तास आली, असा खेळ दिवसरात्र चालू असेल तर बॅटरी ८५ टक्क्यांच्या वर कधी जातच नाही. न भरलेल्या त्या भागातलं लेड सल्फेट कडक होत जातं, मग चार्जिंगलाही जुमानत नाही, आणि साडेतीन वर्षांची बॅटरी दीड-दोन वर्षांत बसते. दोन वर्षं धरली तर ८० भागिले २ म्हणजे ४०, अधिक ६, वर्षाला ४६ भाग. इथे साडेसदतीसची लिथियम सरळ स्वस्त. शिवाय तिला अर्धवट भरलेलं राहण्याचं काहीच वाटत नाही. उलट ३० ते ८० टक्क्यांच्या मधे ती जास्त खूष असते.

तेव्हा थांबून एवढं पक्कं करा: रोज लांब सलग वीज मिळते तिथे शिशाची, तुकड्या-तुकड्यांनी मिळते तिथे लिथियम, क्वचितच जाते तिथे निःशंक शिशाची. तुमची बॅटरी साडेतीन वर्षं टिकली, यावरून तुम्ही पहिल्या गटात असावेत असा माझा अंदाज आहे. पण दोन आठवडे वही ठेवून वीज गेल्या-आल्याच्या वेळा लिहा, मग अंदाजाची गरज राहणार नाही.

लिथियमकडे वळणार असाल तर एक खर्च विक्रेते शेवटी सांगतात: जुना इन्व्हर्टर चालेलच असं नाही. इन्व्हर्टरवर ‘लिथियम’ किंवा ‘एलएफपी’ मोड आहे का बघा. नसेल तर अडचणी ठरलेल्या. बरेच शिशावाले इन्व्हर्टर अधूनमधून १५ व्होल्टच्या वर इक्वलायझिंग करतात. एलएफपीची कमाल मर्यादा सेलला ३.६५, म्हणजे पॅकला १४.६. ती ओलांडली की बीएमएस बॅटरी तोडून टाकते आणि इन्व्हर्टरला वाटतं बॅटरीच नाही. दुसरं, बॅटरी पूर्ण उतरून बीएमएसने तोडली की टर्मिनलवर व्होल्टेज शून्य दिसतं. काही इन्व्हर्टर बॅटरी ‘दिसल्याशिवाय’ चार्जिंग सुरूच करत नाहीत, आणि वीज येऊनही दोघं एकमेकांची वाट बघत बसतात. तिसरं, एलएफपीचं व्होल्टेज जवळपास शेवटपर्यंत सपाट राहतं, म्हणून जुन्या इन्व्हर्टरवरचे चार्जचे दिवे ‘फुल’ दाखवता दाखवता एकदम अंधार होतो.

चौथी अडचण पैशाच्या हिशेबातली आहे. लिथियम दोन-तीन तासांत भरते असं सांगतात ते ४०-५० अँपिअरच्या चार्जरवर. तुमच्या इन्व्हर्टरचा चार्जर १५ अँपिअरचाच असेल तर ७५ एएच भरायला पाच तास लागणारच. शिशाच्या तुलनेत हे निम्मं आहे, पण जाहिरातीतलं नाही. तुकड्या-तुकड्यांची वीज हेच लिथियम घेण्याचं कारण असेल तर चार्जर किमान ३० अँपिअरचा हवा, आणि मग नव्या इन्व्हर्टरची किंमत त्या ३०० भागांत मिळवा.

बीएमएसची करंट मर्यादाही बघा. १०० अँपिअरची असेल तर १२.८ व्होल्टला १२८० वॅट. पंखे-दिव्यांना भरपूर. पण पाण्याचा पंप किंवा फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर पाच-सहापट करंट ओढतो, आणि शिशाची बॅटरी जो धक्का कण्हत-कुथत पचवते तो बीएमएस नियम दाखवून नाकारते.

उष्णतेबद्दल थोडक्यात, कारण ती दोघींची शत्रू आहे. शिशाच्या बॅटरीचं आयुष्य २५ अंशांना धरलेलं असतं आणि त्यावर दर दहा अंशांना ते साधारण निम्मं होतं. बंद कपाटात, इन्व्हर्टरच्या अगदी डोक्यावर किंवा पश्चिमेच्या तापणाऱ्या भिंतीला टेकून ठेवलेली बॅटरी लवकर गेली तर कंपनीला बोल लावू नका. शिशाची बॅटरी चार्ज होताना हायड्रोजनही सोडते. हवेत तो चार टक्क्यांवर गेला की ठिणगीचं निमित्त पुरतं. हवा खेळती हवी, आणि हे लिथियमकडे वळण्याचं एक प्रामाणिक कारण आहे: घरात मोकळी जागाच नसेल तर वर्षाचे आठ-नऊ भाग जास्त देणं मला वावगं वाटत नाही. पाणी घालायला कोणी नसेल, घरात एकटं वयस्कर माणूस असेल, तरीही तेच.

आता जो पर्याय तुम्ही विचारलाच नाही. २७० वॅटमधले २२५ पंख्यांचे आहेत. तेच पंखे बीएलडीसी (ब्रशलेस डीसी मोटरचे) केले तर पूर्ण वेगाला प्रत्येकी ३० वॅटच्या आसपास लागतात. लोड २७० वरून १३५ वर, बॅटरीतून २६ च्या जागी १३-१४ अँपिअर, तीन तासांत ८० च्या जागी ४० एएच. बॅटरी रोज अर्ध्याहून जास्त उतरायची ती आता साधारण तीस टक्केच उतरते, आणि सावकाश काढल्यामुळे जास्त देते ते वेगळंच: साडेचार तासांचा बॅकअप दहा तासांच्या आसपास जातो. भरायला दहा-बारा तास लागायचे ते सहा-सात. म्हणजे तुकड्या-तुकड्यांच्या विजेतही तिला पूर्ण भरायची संधी मिळते, जी आतापर्यंत फक्त लिथियमची मक्तेदारी होती.

शिवाय बॅटरी फक्त वीज गेल्यावर कमावते, पंखा चोवीस तास कमावतो. पूर्ण वेगाने दिवसाला १२ तास फिरणारा एक पंखा ४५ वॅटच्या फरकाने वर्षाला १९७ युनिट वाचवतो. वरच्या हिशेबाने हे दहा भाग, दरवर्षी, एका पंख्यामागे. तुमचे पंखे बहुतेक वेळ मंद वेगाने आणि इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरवर चालत असतील तर बचत याहून कमी होईल, कारण साधा पंखाही तेव्हा ७५ वॅट घेत नाही. आणि वर्षातले चार महिने पंखा बंद असेल तर त्या प्रमाणात कापा. तरीसुद्धा लिथियमसाठी काढून ठेवलेल्या जादा २०० भागांतून आधी पंखे बदलावेत, हेच मला पटतं. फक्त जास्त चालणारे दोन-तीनच बदला. पाहुण्यांच्या खोलीतला राहू दे. बीएलडीसी पंख्याला जुना रेग्युलेटर लावू नका, तो सर्किटमधून काढावा लागतो.

राउटरसाठी वेगळा, १२ व्होल्ट डीसी देणारा छोटा यूपीएस घेतलात तर आणखी बरं. फक्त दहा वॅटच्या राउटरसाठी इन्व्हर्टर चालू राहिला तर तो स्वतःच १५-२० वॅट खातो.

तेव्हा तुमच्या जागी मी असं करेन: चार्जरचं व्होल्टेज ठीक निघालं तर पुन्हा १५० एएच ट्यूब्युलर आणि सोबत तीन बीएलडीसी पंखे. वहीतून दिसलं की सलग दहा तासही वीज मिळत नाही, आणि पंखे बदलणं शक्य नाही, तर लिथियम, चार्जरसकट. शिशाची १५० वरून २०० एएच करायचा मोह होईल. चार्जर १५ अँपिअरचाच राहणार असेल तर मोठी बॅटरी जास्तच उपाशी राहते.

घेताना उत्पादनाची तारीख बघा. शिशाची बॅटरी दुकानात पडून दर महिन्याला स्वतःहून काही टक्के उतरत असते. सहा महिने न चार्ज करता पडलेली बॅटरी नवी नसते, नुसती न वापरलेली असते. वॉरंटीत किती महिने पूर्ण बदली आणि किती महिने नुसती प्रमाणात सूट, हे वेगवेगळं विचारा. ‘साठ महिने’ म्हणताना अनेकदा दोन्हींची बेरीज सांगितलेली असते. तारा १६ चौरस मिलिमीटर तांब्याच्या आणि लांबी एका बाजूने दोन मीटरच्या आत ठेवा. २७ अँपिअरला दोन्ही तारांत मिळून फक्त ०.१२ व्होल्ट पडतात. बारीक आणि लांब तारांनी हेच अर्ध्या व्होल्टवर नेलं तर बॅटरीत जीव असतानाच इन्व्हर्टर बंद पडतो.

आणि बसवल्यावर, पहिल्या पूर्ण चार्जनंतर, एकदा मुद्दाम मेन्स बंद करून तीन तास नेहमीचा लोड चालवा. दर अर्ध्या तासाने व्होल्टेज लिहा, शिशाची असेल तर शेवटी सहाही सेलची ग्रॅव्हिटीसुद्धा. तो कागद बिलालाच टाचून ठेवा. दोन वर्षांनी ‘बॅकअप कमी झाला’ असं तोंडी सांगितलं तर वॉरंटीवाला खांदे उडवतो; तेव्हा पहिल्या दिवशी तीन तासांनी १२ व्होल्ट होतं, आज त्याच लोडवर तासाभरात ११ ला आलं, हे कागदावर दाखवता येतं.